नानांचा रेडिओ आणि घरातली खरखर

पत्र थोडक्यात असं : पुण्याच्या एक वाचक लिहितात, 'आई गेल्यावर माझे ७८ वर्षांचे वडील, आमचे नाना, जुन्नरजवळचं गाव सोडून आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. गावी त्यांचा रेडिओ पहाटेपासून चालू असायचा. संध्याकाळी साडेसातला बीबीसी हिंदी आणि रात्री शॉर्टवेव्हवर कुठली कुठली परदेशी स्टेशनं. तो रेडिओ कधीच बंद पडला. मी ऑनलाइन १,८०० रुपयांचा नवा मागवला. रविवारी सकाळी ११ वाजता हॉलमध्ये लावून बघितला, तर एफएम सोडून सगळीकडे नुसती खरखर. भाऊ म्हणतो, सगळ्यात महागडा सेट घे आणि गच्चीवर मोठा अँटेना लाव. पण सोसायटी गच्चीवर तार लावू देत नाही. नवरा म्हणतो, मोबाइलवर सगळं मिळतं. नाना म्हणतात, "राहू दे गं, रेडिओ संपला आता." १५ हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. वाढदिवसाला त्यांना न सांगता द्यायचाय. कोणता रेडिओ आणि कोणता अँटेना घेऊ, म्हणजे पूर्वीसारखं ऐकू येईल?'

ताई,

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नानांचं साडेसातचं बीबीसी हिंदी आता शॉर्टवेव्हवर नाही. १९४० साली सुरू झालेलं ते प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२०ला बंद झालं. त्याआधीच जर्मनीच्या डॉइचे वेलेनं हिंदीची शॉर्टवेव्ह थांबवली होती आणि आपल्या आकाशवाणीनंही गेल्या काही वर्षांत शॉर्टवेव्हचा पसारा बराच आवरता घेतला. त्यामुळे १५ हजारांचा काय, लाखाचा सेट आणला तरी ते साडेसात परत येणार नाहीत. नानांना हे बहुधा माहीत असावं. 'रेडिओ संपला' असं ते म्हणतात, त्यात हेही आलं.

पण रेडिओ संपलेला नाही. आजही संध्याकाळी पुण्यात बीबीसीची इंग्रजी सेवा लागते. आपल्याकडे येणारं तिचं बरंचसं प्रक्षेपण ओमानमधून होतं. चीनचं परदेश प्रसारण तर इतक्या ठिकाणी लागतं की नवख्याला वाटावं, बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या त्या पट्ट्यात, दुसरं कुणी नाहीच. रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, व्हॅटिकन हेही आहेत. नानांना इंग्रजी बातम्या चालतात का, अनोळखी भाषेतलं गाणं ऐकत बसायला आवडतं का, की त्यांना फक्त बातम्या आणि जुनी हिंदी-मराठी गाणी हवीत? हे त्यांना विचारल्याशिवाय कुठलाही सेट घेऊ नका. गाणी आणि बातम्याच हव्या असतील, तर पुण्यात विविध भारती एफएमवर छान लागते आणि मग शॉर्टवेव्हचा खटाटोप करायची गरजच नाही. आवाज दणदणीत, आकडे मोठे, बटणं मोजकी असा एक साधा सेट पुरेल.

म्हणूनच 'न सांगता द्यायचाय' हा बेत मला पटत नाही. तुमची भावना कळते. पण ज्या माणसानं चाळीस-पन्नास वर्षं काटा केसभर सरकवत स्टेशनं शोधली, तो या विषयात तुमच्या-माझ्यापेक्षा जाणता आहे. त्यांच्या पिढीचा शॉर्टवेव्हशी जुना घरोबा आहे. १९५२मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटवली, तेव्हा अख्खा देश शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागायची तीही तिथेच. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. नाना त्या वेळी शाळकरी वयाचे असणार. 'पंचवीस मीटर, एकेचाळीस मीटर' ही शॉर्टवेव्हच्या बँडांची नावं त्यांना समजावायला लागणार नाहीत. रेडिओ निवडण्यात त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कदाचित त्यांना वस्तूपेक्षा याचंच अप्रूप जास्त वाटेल.

आता खरखरीकडे येऊ. तुम्ही गृहीत धरलंय की १,८०० रुपयांचा सेट टाकाऊ निघाला. असेलही. पण तुमच्या पत्रात दोन शब्द आहेत, 'सकाळी ११' आणि 'हॉलमध्ये'. मला आधी संशय आहे तो या दोघांवर.

शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परत फिरून आपल्याकडे येतात. दिवसा उन्हामुळे त्या थरांच्या खाली आणखी एक थर तयार होतो आणि तो कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून ४९ आणि ४१ मीटरचे बँड, म्हणजे साधारण ६ आणि ७ मेगाहर्ट्झ, भर दिवसा मुके असतात आणि दिवेलागणीनंतर बोलू लागतात. दिवसा ऐकायचं तर १९ आणि १६ मीटरकडे, म्हणजे १५ आणि १७ मेगाहर्ट्झच्या आसपास जायचं. ३१ आणि २५ मीटर हे मधले, संध्याकाळी सगळ्यात भरवशाचे. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा भर नुकताच, २०२४च्या सुमारास येऊन गेला. त्यामुळे वरचे बँडही सध्या चांगले चालतात. तुमच्या सेटवर 'एसडब्ल्यू १', म्हणजे शॉर्टवेव्हचा खालचा भाग, लावून सकाळी ११ला ऐकलं असेल, तर तिथे काही लागायलाच नको होतं.

दुसरं, हॉल. आजचं घर म्हणजे खरखरीचा कारखाना आहे. एलईडी दिव्यातला ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, वायफायच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, शेजारच्या छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर या सगळ्यांतून जे विजेचं कचरापाणी बाहेर पडतं, ते नेमकं शॉर्टवेव्ह आणि मीडियम वेव्हवर येऊन बसतं. त्यात भिंती-स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आणि खिडकीला ग्रिल. बाहेरची लहर आत यायला धडपडते आणि आतली खरखर आतच घुमते. नानांच्या गावच्या घरी दोन बल्ब आणि एक पंखा होता. तिथला तोच रेडिओ तुमच्या हॉलमध्ये ठेवला असता तर तोही असाच खरखरला असता.

माझ्या घरचं सांगतो. दोन वर्षं मी ३१ मीटरवर एक घरघर ऐकत होतो. सेट बदलला, तार बदलली, पण फरक नाही. एका रात्री वीज गेली, रेडिओ सेलवर चालू होता आणि एकदम विहिरीत डोकावल्यासारखी शांतता झाली. त्या शांततेत एक बाई दूर कुठेतरी अरबीत बातम्या वाचत होत्या. शब्दन् शब्द स्पष्ट. वीज आल्यावर मी हातात रेडिओ घेऊन खोलीखोलीतून फिरलो. देवघरापाशी घरघर कानठळ्या बसवण्याइतकी वाढली. गणपतीमागे बायकोनं लावलेली रंगीत दिव्यांची माळ आणि तिचा अंगठ्याएवढा अ‍ॅडॉप्टर! तो काढला आणि दोन वर्षांचं दुखणं गेलं.

तुम्हीही एक पैसा खर्च करण्याआधी हेच करा. रात्री नऊच्या सुमारास रेडिओ सेलवर चालू करा, चार्जरला जोडून नाही. ९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास काटा ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. मात्र एक मेख आहे : मेन बंद केला की इन्व्हर्टर जागा होतो, आणि त्याचा आवाज इतरांहून वाईट असू शकतो. म्हणून तोही बंद करायचा. खरखर खाली बसली तर दोषी घरात आहे. मग एकेक बटण चालू करत जा आणि नानांना कान देऊन बसवा. ते बरोबर पकडतील. घर काळोखात असूनही खरखर तशीच राहिली, तर ती शेजारून किंवा बाहेरच्या तारांतून येतेय.

त्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी तोच १,८०० रुपयांचा सेट घेऊन नानांना तळजाईच्या टेकडीवर घेऊन जा. साडेपाच-सहाला, सूर्य कलला की. एरियल पूर्ण ओढून २५ आणि ३१ मीटर फिरून बघा. तिथे चार-पाच स्टेशनं लागली, तर सेट बरा आहे आणि तुमची लढाई घराशी आहे. तिथेही सामसूम असेल, तर सेट खरंच कामाचा नाही. ऑनलाइन दुकानांत मिळणाऱ्या अनेक स्वस्त सेटवर 'वर्ल्ड रिसीव्हर' लिहिलेलं असतं, पण आत ३१ मीटरचा अख्खा बँड बोटभर जागेत कोंबलेला असतो. स्टेशनं एकमेकांपासून अवघ्या ५ किलोहर्ट्झवर असतात. तिथे काटा थरथरला की स्टेशन गेलं. साध्या रचनेच्या सेटची आणखी एक खूण आहे : एकच स्टेशन दोन ठिकाणी लागतं आणि त्या दोन जागांत ९१० किलोहर्ट्झचं अंतर असतं. ११,९०५वरचं स्टेशन १०,९९५वरही ऐकू आलं, तर दुसरं ते भूत समजा.

नवीन सेट घ्यायचं ठरलं, तर मी काय बघतो ते सांगतो. फ्रीक्वेन्सी आकड्यांत दिसली पाहिजे आणि आकडे दाबून थेट जाता आलं पाहिजे. ३ ते ३० मेगाहर्ट्झ सलग असावं, मध्ये खिंडारं नकोत. बँडविड्थ, म्हणजे एका वेळी ऐकू येणाऱ्या पट्ट्याची रुंदी, कमी-जास्त करता यावी, म्हणजे शेजारचं दांडगं स्टेशन अंगावर येतं तेव्हा अरुंद करून त्याला बाजूला सारता येतं. बाहेरच्या अँटेनासाठी ३.५ मिलीमीटरचं भोक हवं. आणि सेल गल्लीतल्या दुकानात मिळणारा हवा. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले सेट निव्वळ बॅटरी मिळेना म्हणून कपाटात पडले.

या कसोट्यांवर तुमच्या पैशांत दोन सेट सहज बसतात. टेकसनचा पीएल-३३० खिशात मावेल एवढा आहे, ऐकतो फार सुरेख, आणि त्याला जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी लागते. ती कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर मिळते. पण त्याची बटणं बारीक आहेत आणि स्पीकरही लहान. एक्सएचडेटाचा डी-८०८ त्याहून मोठा, हातात नीट बसतो, बाजूला फिरवायचं चाक आहे. त्याला १८६५० नावाचा जाडसर लिथियम सेल लागतो. तो विश्वासू दुकानातूनच घ्या, यात नकली माल फार फिरतो. नानांचे डोळे आणि बोटं लक्षात घेता मी डी-८०८कडे झुकेन. भावाचं मन राखायचं असेल आणि बजेट थोडं ताणता आलं, तर टेकसनचा पीएल-८८०. आवाज भरदार, चाक मोठं. पण तो घेतल्यानं तुमच्या हॉलमधली खरखर कमी होणार नाही. उलट चांगला सेट खरखरही चांगलीच ऐकवतो.

सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर कुणी जुना विकत असेल तर मोह होईल. अप्रतिम सेट होता, चार पेन्सिल सेलवर चालायचा. आता बनत नाही. समोर बसून, सगळे बँड ऐकून, सेलच्या कप्प्यात गळतीचे हिरवे डाग नाहीत हे बघूनच घ्यावा. कुरिअरनं कधीच नको. नवीन सेटही परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत त्याला टेकडीवर नेऊन आणा.

एसएसबी (सिंगल साइडबँड) नावाची, वेगळ्या पद्धतीनं पाठवलेलं बोलणं उलगडणारी सोय या सगळ्यांत आहे. परदेशी स्टेशनं ऐकायला ती लागत नाही. पण ४० मीटरवर, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, आपली हॅम मंडळी, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणारे लोक, सकाळी गप्पा मारतात त्या तिच्यावरच उलगडतात. विमानांसाठी मुंबईहून सांगितलं जाणारं हवामान ६,६७६ आणि ११,३८७ किलोहर्ट्झवर तिच्यामुळेच कळतं. ऐकायला परवाना लागत नाही. बोलायला लागतो, आणि तो केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन मिळतो.

अँटेनाबद्दल तुमच्या भावाचा समज फार सर्वदूर पसरलेला आहे, की तार जितकी लांब तितकं बरं. मोठ्या टेबल सेटला ते लागू असेल. हातातल्या छोट्या सेटला तीस मीटरची तार जोडली, तर तो गुदमरतो. दणकट स्टेशनं सगळ्या बँडवर सांडतात आणि त्यांच्याखाली बारीक स्टेशनं बुडतात. तुम्हाला सात मीटर तार पुरे. इलेक्ट्रिकच्या दुकानातून पातळ, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली, बारीक तारांच्या जुडग्याची एकेरी वायर घ्या. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला ती गुंडाळा. दोरीच्या आत स्टीलची तार नाही ना, तेवढं बघा. ग्रिलपासून जमेल तितकी दूर ठेवा. एक टोक खिडकीच्या फटीतून आत, त्याला ३.५ मिलीमीटरची पिन किंवा एरियलला लावायचा चिमटा. झालं. सोसायटीला कळणारही नाही आणि कळलं तरी ती कपड्यांची दोरीच आहे. नानांना आठवत असेल, पूर्वी घरात भिंतीवरून भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची. हे तिचंच भावंड. फरक एवढाच की ती घरात होती, कारण तेव्हा घरात खरखर नव्हती. आता तार बाहेरच हवी.

एवढं करूनही शेजारची खरखर बाल्कनीत पोचत असेल, तरच लूप अँटेनाचा विचार करा. हातभर व्यासाचं कडं असतं, गोल फिरवलं की एका दिशेकडून येणारी खरखर दबते. एमएलए-३० प्लस नावाचा त्यातला स्वस्त प्रकार लोक बरेच वापरतात. त्याला ५ व्होल्ट लागतात. ते मोबाइल चार्जरवरून दिलेत तर चोरालाच किल्ल्या दिल्यासारखं होईल. पॉवर बँक लावा. मीडियम वेव्हला मात्र यातलं काही नको. त्याचा अँटेना सेटच्या पोटात असतो, म्हणून सेटच गोल फिरवायचा. गावी नाना रेडिओ तिरका ठेवत असतील, तो उगीच नाही.

एका बाबतीत मात्र हयगय करू नका. वळवाचे ढग दिसले की तार सेटवरून काढायची आणि टोक खिडकीबाहेर टाकायचं. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात तर ऐकून झालं की रोजच काढायची. वीज तारेवर थेट पडावी लागत नाही, आसपास कडाडली तरी सेटचा पुढचा भाग जळतो. आणि विजेच्या खांबाच्या किंवा सर्व्हिस वायरच्या जवळपासही ही तार नेऊ नका. नानांनी एकट्यानं स्टुलावर चढून ती बांधायची नाही, हे तर तुम्ही बघालच.

नवऱ्याचंही खोटं नाही. आकाशवाणीच्या अ‍ॅपवर मराठी केंद्रं स्वच्छ ऐकू येतात, बीबीसी हिंदीही इंटरनेटवर आहेच. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रेडिओ इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो, त्यावर युरोपची शॉर्टवेव्ह ऐकता येते. एखाद्या रात्री नानांना तो फोनवर लावून द्या. दोन्ही राहू देत घरात. मात्र फोनवर लागलेलं स्टेशन आणि अंधारात चाक फिरवताना खरखरीतून वर आलेलं स्टेशन यात नानांच्या लेखी फरक आहे. तो त्यांना सिद्ध करायला लावू नका.

सेट आल्यावर एक दोनशेपानी वही आणा. नाना रोज जे लागेल ते तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी आणि भाषेसह लिहितील. पहिली नोंद मी सुचवतो : १०,००० किलोहर्ट्झ. तिथे रात्री चीनच्या बीपीएम या अचूक वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदासेकंदाचे ठोके ऐकू आले, तर तार आणि सेट दोन्ही ठीक आहेत. परदेशी वेळापत्रकं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बहुतेक स्टेशनं फ्रीक्वेन्सी बदलतात. त्या दिवशी ओळखीचं स्टेशन गायब झालं तर सेट बिघडला म्हणून घाबरू नका, वहीत नवं पान काढा.

मेन स्विचचा प्रयोग आणि तळजाई, एवढं या आठवड्यात करा. काय लागलं, किती वाजता, कोणत्या मीटरला, ते नानांच्याच अक्षरात लिहून पाठवा. मग तारेचं आणि लूपचं पुढचं ठरवू.